जत्रेतला खटला

टॉलेफसन मंडळी दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी, चर्चमधून निघाल्यावर घरी न जाता थेट रेनेसाँस जत्रेला, म्हणजे जुन्या राजेरजवाड्यांच्या काळातल्या युरोपचं सोंग वठवणाऱ्या जत्रेला जात. चर्चमागच्या मोकळ्या जागेत गाडी उभी करून कोरिन मुलांना मागच्या सीटवरच कपडे बदलायला लावी. नऊ वर्षांच्या ब्रिटाला लाल मखमलीचा झगा, चार वर्षांच्या अँडीला रुपेरी रंग दिलेलं पुठ्ठ्याचं चिलखत आणि तिला स्वतःला कमरेला नाडीने आवळायचा तपकिरी पेहराव. हे सगळं ती उन्हाळाभर दुपारी मशीनवर बसून शिवत असे. तिचा नवरा लायल मात्र कधी वेष बदलत नसे. मिनेसोटातल्या त्यांच्या लहानशा गावात मुख्य रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि समोरच्याच्या नाकावर चौकट बसवताना जेवढं बोलावं लागतं त्यापेक्षा जास्त बोलण्याची गरज त्याला आयुष्यात फारशी भासली नव्हती. इस्त्रीचा फिका निळा शर्ट घालून तो त्या पिसांच्या टोप्या आणि लोखंडी शिरस्त्राणांच्या गर्दीतून मुलांच्या मागे शांतपणे चालत राही, आणि कोरिनला वाटे की त्या सगळ्या सोंगात खरं वेषांतर बहुधा यानेच केलंय.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता आणि पार्किंगच्या शेतातली धूळ घोट्यापर्यंत उडत होती. लाकडी फाटकावर, अंगावर चिंध्या आणि दातांना काजळी लावलेला एक द्वारपाल येईल त्याला मुजरे करत होता.

"यावे, यावे, सरदार! आणि सोबत या कोण? राणीसरकार स्वतः?"

"दोन मोठे, दोन लहान," लायल म्हणाला.

"काय हा माणूस!" द्वारपाल कपाळावर हात मारून कोरिनला म्हणाला. "बाईसाहेब, यांच्याशी संसार कसा करता?"

"सवय झालीय," कोरिन हसून म्हणाली, आणि तिने लायलच्या दंडाला हात घातला.

सकाळ नेहमीसारखीच गेली. अँडीने मुद्दाम केलेल्या चिखलात लोळून भीक मागणाऱ्या विदूषकांचा खेळ तोंड उघडं ठेवून पाहिला. ब्रिटाने पाठीला जाळीचे पंख बांधून घेतले आणि भाल्यांच्या लढाईत नेमकी हरणाऱ्या सरदाराची बाजू घेतली. टर्कीच्या भाजलेल्या तंगड्या हातात धरून ते गवताच्या गठ्ठ्यांवर बसले, तेव्हा गांधीलमाश्या आल्या आणि लायलने अँडीच्या तंगडीभोवती आपला रुमाल गुंडाळून दिला. कोरिनच्या मनात आलं, आपण बऱ्यापैकी सुखी माणसं आहोत. हा विचार तिच्या मनात वर्षातून एकदा तरी येई, आणि बहुतेक इथेच.

जेवण संपत आलं होतं तेव्हा पत्र्याचं चिलखत घातलेले दोन शिपाई त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. जत्रेत हा खेळ रोजच चालायचा. कुणातरी बापड्या नवऱ्याला पकडून न्यायचं, चौकातल्या खोड्यात अडकवायचं, आणि घोरणं, गवत न कापणं असल्या गुन्ह्यांवरून त्याच्यावर खटला भरायचा. त्यातल्या जाड्या शिपायाने कोरिनकडे पाहून हळूच डोळा मिचकावला. चालेल का, असं तो विचारत होता. कोरिनने होकारार्थी मान हलवली. लायल चिडेल असं तिला वाटलं होतं, पण त्याने फक्त हात पुसले, चष्मा काढून तिच्याकडे दिला आणि तो त्यांच्यामध्ये चालू लागला.

"डॅडीला तुरुंगात टाकणार?" अँडीने विचारलं.

"थोडा वेळच," कोरिन म्हणाली.

चौकात बरीच गर्दी जमली होती. लायलची मान आणि मनगटं खोड्याच्या भोकांत बसवून वरची फळी खाली केली गेली. समोरच्या चौथऱ्यावर पांढऱ्या केसांचा टोप आणि काळा झगा घातलेला न्यायाधीश बसला होता. घामाने त्याच्या गालांवरची पावडर ओघळली होती. त्याने हातोडी आपटली आणि आजूबाजूला शोधाशोध केल्यासारखं करून तो ओरडला, "आरोपपत्र कुठाय?"

"बकरीने खाल्लं, महाराज!" शिपायाने सांगितलं. लोक हसले.

"पुन्हा? मग आता या भल्या गृहस्थाने केलंय तरी काय, हे आम्हाला कळणार कसं?" न्यायाधीश लायलकडे वळला. "हे पाहा, आरोपी. तुमचा गुन्हा तुम्हीच सांगायचा आहे. आणि चांगला गुन्हा सांगा. लोक लांबून आलेत."

कोरिनला लायलची कीव आली. तो आता गोरामोरा होईल, खांदे उडवील, आणि न्यायाधीशाला त्याच्या वतीने सगळं बोलावं लागेल, असं तिला वाटलं.

"मी माझ्या बायकोला तळ्यात सोडून आलो," लायल म्हणाला.

हशा पिकला. कोरिनच्या शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं. "अगं बाई! बघ, बघ!"

"सोडून आलात? म्हणजे पोहायला?" न्यायाधीशाने विचारलं.

"नाही. तिला पोहता येत नव्हतं." लायलचा आवाज दुकानात असे तसाच होता, सावकाश आणि समजावून सांगणारा, पण तो मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. "मे महिना होता. बर्फ नुकतंच विरघळलेलं होतं, त्यामुळे पाणी फार गार. काकांची जुनी होडी घेऊन आम्ही पहाटे निघालो. ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. सकाळी उठल्यापासून ती बोलत होती. तसं वाईट काही नाही. स्वयंपाकघराला रंग कुठला द्यायचा, असंच काहीतरी. मग तिला पाण्यावर लून पक्ष्यांची जोडी दिसली आणि मला दाखवायला ती उभी राहिली."

"उभ्या राहिल्या! होडीत!" न्यायाधीश प्रेक्षकांकडे वळून म्हणाला. "बायकांना कुणी काही शिकवत नाही का?"

लोक पुन्हा हसले. लायल हसणं ओसरेपर्यंत थांबला. वर्षानुवर्षं हेच काम केल्यासारखा तो अगदी योग्य तेवढाच थांबला.

"ती पडली, पण तिने होडीची कड धरली होती. मला हात देता आला असता. मी वल्ही आत घेऊन बसलो होतो, माझे हात मोकळेच होते. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचं बोलणं थांबलं होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की किती शांत आहे. मग ती नव्हती. थोड्या वेळाने लून पक्षी परत आले."

आता हसणारे कमी होते. कुणीतरी शिट्टी वाजवली. मागून एक जण ओरडला, "फाशी द्या साल्याला!" आणि त्यामुळे सुटका झाल्यासारखं सगळ्यांना पुन्हा मोठ्याने हसू फुटलं. न्यायाधीशाने टोप सारखा केला.

"पण आरोपी, तुम्ही न्यायासनाला फसवताय!" त्याने हातोडीचा रोख कोरिनकडे धरला. "तुमची बायको तर ही इथे उभी आहे. ठणठणीत! कोरडी!"

सगळ्यांनी कोरिनकडे पाहिलं. तिने हसून झग्याचं टोक धरलं आणि गुडघे वाकवून अभिवादन केलं. टाळ्या पडल्या. लायलने खोड्यात अडकलेली मान जमेल तेवढी वळवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. चष्मा नसल्यामुळे त्याने डोळे बारीक केले होते.

"ह्या नंतर आल्या," तो म्हणाला. "ह्या फार चांगल्या आहेत. मुलांना त्यांचा लळा आहे."

चौक हशाने दणाणून गेला. शेजारच्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कुठे शोधलास गं हा?" ती म्हणाली. कोरिनही हसत होती, आणि आपण हसतोय हे तिला आपल्या गालांवरून कळत होतं.

शिक्षा नेहमीचीच होती: सगळ्यांसमोर गुडघे टेकून बायकोच्या हाताचं चुंबन घ्यायचं. लायल खोड्यातून सुटला, मान चोळत तिच्यासमोर आला आणि धुळीत गुडघा टेकून त्याने तिचा हात हातात घेतला. त्यावर टर्कीचा तेलकट डाग होता. तो त्याने आपल्या बाहीने टिपला, आणि मग ओठ टेकवले. कोरिनने त्याला चष्मा परत दिला.

"आभारी आहे," लायल म्हणाला.

गर्दी पांगल्यावर तो मुलांना घेऊन लिंबू सरबताच्या रांगेत उभा राहिला. कोरिन त्यांच्या मागे निघाली, तेवढ्यात न्यायाधीश चौथऱ्यावरून उतरून तिच्याजवळ आला. त्याने टोप काढून काखेत धरला होता. खाली त्याचे केस पिंगट आणि विरळ होते.

"तुमचे मिस्टर नाटकात काम करतात?"

"छे हो. चष्म्याचं दुकान आहे आमचं."

"अच्छा." तो लायलच्या पाठीकडे बघत राहिला. "फार छान केलं त्यांनी. म्हणजे, लोक सांगतात ना काही काही. कुणी म्हणतं सासूला विष घातलं, कुणी काय. पण सांगताना मध्येच हसू फुटतं. आवरतच नाही कुणाला." त्याने आणखी काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण एक लहान मुलगी त्याच्या झग्याला हात लावून पाहायला आली, तेव्हा त्याने टोप चढवला आणि आवाज बदलून तिला दरडावलं, "कोण आहेस गं तू!"

दुपारभर कोरिन लायलकडे पाहत होती. त्याने अँडीला लाकडी तलवार घेऊन दिली आणि ब्रिटाचा सुटलेला पंख बांधून दिला. तो नेहमीसारखाच होता. उलट थोडा मोकळाच वाटत होता, आणि बासरीवाल्यापाशी थांबून त्याने चक्क पायाने ताल धरला.

"कुठून सुचलं रे तुला ते सगळं?" तिने शेवटी विचारलं.

"काय ते?"

"होडी. लून पक्षी."

"गुन्हा सांगा म्हणाले ना ते," लायल म्हणाला. मग तो बाजूला सरकला आणि बाकावरची जागा त्याने हाताने झटकली. "बसा ना. तुम्ही थकला असाल."

"आता पुरे हं लायल."

"काय पुरे?" त्याने खरोखरच न कळून विचारलं.

ती बसली. तळ्याकाठी त्याच्या काकांची झोपडी होती हे खरं होतं. अँडीच्या जन्माआधीच ती विकून टाकली होती. जाळीचं दार, दारातला बाक, मागची भुर्जाची झाडं असं तिला आठवत होतं, पण मनात येत होते ते सगळे बैठकीच्या खोलीतले फोटोच. होडीत बसल्याचं काही आठवेना. पोहायला तर तिला येत होतं. हो, येत होतं, फक्त आपण शेवटचं कधी पोहलो ते तिला सांगता आलं नसतं. मग तिने स्वतःलाच थोडं हसत मुलांच्या जन्माचे दिवस आठवून पाहिले. अँडीच्या वेळच्या कळा, खिडकीबाहेरची पाण्याची टाकी, रात्रपाळीच्या नर्सचं पडसं, सगळं जिथल्या तिथे होतं. ब्रिटाच्या वेळचं तिला बर्फाचं वादळ आठवलं, सुरू न होणारी गाडी आठवली, शेजाऱ्याने ट्रॅक्टरने नेलं तेही आठवलं. लायल दरवर्षी ब्रिटाच्या वाढदिवसाला एवढंच सांगत असे. त्यापलीकडचं काही तिला सापडलं नाही.

समोर बासरीवाल्याने नवी धून सुरू केली. लायलने तिच्यासाठी सरबत आणलं होतं. तिने ते संपवलं.

परतीच्या वाटेवर मक्याच्या शेतांवरून तिरपं ऊन गाडीत येत होतं. अँडी तलवारीवर गाल टेकून झोपला होता. पेट्रोल भरायला लायलने गाडी थांबवली आणि पैसे द्यायला, कॉफी आणायला तो पंपावरच्या दुकानात गेला. काचेच्या दारामागे तो रांगेत उभा राहिलेला दिसत होता. त्याच्या पुढच्या म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं, आणि लायलने त्याच्या चष्म्याची दांडी हातात घेऊन निरखली.

"डॅडीने आज कोर्टात मजा केली ना?" कोरिन पुढे पाहतच म्हणाली.

"हं," ब्रिटा मागून म्हणाली.

"ते सगळं नाटक होतं बरं का. बनवून सांगितलेलं."

तिच्या पंखांची तार सीटवर घासल्याचा बारीकसा आवाज झाला. मग मागून एक छोटा, चिकट हात आला आणि कोरिनच्या खांद्यावर टेकला. आपल्यापेक्षा लहान पोराला थोपटावं तसं त्याने दोनदा हलकेच थोपटलं.

"घाबरू नकोस," ब्रिटा हळू आवाजात म्हणाली. "मला तू जास्त आवडतेस."

दुकानाचं दार उघडलं. दोन्ही हातांत कॉफीचे पेले धरून लायल उन्हात बाहेर आला, आणि त्यांना पाहून त्याने त्यातला एक पेला किंचित उंचावला. त्याचे हात मोकळे नव्हते. कोरिनने वाकून त्याच्या बाजूचं दार आतून उघडून दिलं.