आधी तळहातावर

आमच्या सर्जन मॅडमचा एक नियम होता. सीनियरला काही विचारायचं असेल तर आधी आपलं उत्तर पेनाने तळहातावर लिहायचं, मगच तोंड उघडायचं. कोऱ्या हाताने विचारणाऱ्याला त्या वॉर्डाबाहेर काढत. मी यातूनही पळवाट काढली होती. हातावर दोन उत्तरं लिहायचे आणि सीनियर बोलला की चुकलेलं अंगठ्याने पुसून टाकायचे. सगळे मला ‘विचारू’ म्हणायचे. राग यायचा, पण नाव खोटं नव्हतं.

त्या दुपारी अपघात विभागात सीनियर डॉक्टर असलेला रजिस्ट्रार, सिस्टर आणि इंटर्न म्हणून मी एवढेच होतो. मॅडम वर ऑपरेशनमध्ये होत्या. दार लाथेने उघडलं. एका धिप्पाड माणसाने विशीतल्या पोराला खांद्यावर टाकून आणलं आणि खाटेवर आदळलं.

“धाकटा भाऊ आहे माझा. चौघांनी घेरून भोसकलं. हे बघा, उजवीकडे. आधी हे शिवा!”

रजिस्ट्रारने शर्ट कापला. उजव्या बरगड्यांवरच्या वारातून रक्त वाहत होतं. त्याने मला त्यावर गॉज दाबून धरायला लावलं आणि म्हणाला, “दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा.”

एवढंच बोलला बिचारा. धिप्पाड माणसाने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या डोक्यात घातला. रजिस्ट्रार कोसळला, आणि पडल्यावरही त्याच्या बरगडीत कामावरच्या जाड बुटाची लाथ बसली. काहीतरी कडकन मोडलं.

“भाऊ मरतोय आणि मी बाहेर थांबू?”

सिस्टर रखवालदाराला हाका मारत बाहेर धावली.

पोराचे ओठ निळे पडत होते. मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. उजवा वार तर वरवरचा होता, पातं बरगडीवरून घसरलेलं. मी स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे श्वास ऐकू येत होता. डावीकडे काहीच नाही. बोटांनी ठोकलं तर डावी छाती रिकाम्या डब्यासारखी वाजली, आणि श्वासनलिका उजवीकडे सरकली होती. डावीकडे हवा कोंडली होती. ती फुफ्फुस चेपून आता हृदयावर दाबत होती. जाड सुई घालून ती काढली नाही तर दोन-चार मिनिटांत खेळ खलास.

पण डाव्या बाजूला रक्ताचा थेंब नव्हता, नुसती निळसर सूज होती. सवयीने मी वळले आणि म्हणाले, “सर, विचारू का?” सर जमिनीवर बेशुद्ध पडले होते.

मी पेन काढलं आणि तळहातावर लिहिलं, ‘डावी’. एकच उत्तर. मग सुई उचलली.

“तिकडे कुठे चाललीस? वार इकडे आहे!” त्याने माझी वेणी धरून कपाळ खाटेच्या दांड्यावर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यात आलं. एका हाताने त्याने माझा गळा आवळला आणि दुसऱ्याने माझं सुईचं मनगट उजवीकडे ओढलं. “डावीकडे काही झालेलं नाही! तिथे हात लावलास तर जीव घेईन!”

खरं सांगते, मी डगमगले. मारामारी त्याने पाहिली होती, मी नाही. शिवाय तो इतक्या खात्रीने बोलत होता! मोकळ्या हाताचा अंगठा आपोआप तळहातावर फिरू लागला. ‘ड’ फिसकटला. तेवढ्यात पोराने डोळे पांढरे केले.

मी माझं मनगट ओढणाऱ्या त्याच्या हाताला कडाडून चावले. पकड सुटली. डाव्या छातीत, दुसऱ्या बरगडीखाली, सुई मुळापर्यंत घातली. फस्स करून हवा सुटली, कुकरची शिट्टी उचलावी तशी. पोराची छाती हलली. माझ्या जिवात जीव आला आणि मी मोठ्याने रडले.

तोवर रखवालदार आले. त्यांच्यातल्या एकाचे दोन दात पडले, तेव्हा कुठे तो धिप्पाड माणूस आवरला. त्याला पट्ट्यांनी बांधून बाहेर नेलं, तरी तो ओरडतच होता, “भाऊ वाचला पाहिजे!”

मॅडम खाली आल्या. पोराच्या छातीत नळी बसवून झाल्यावर मला म्हणाल्या, “हात दाखव.”

दाखवला.

“पुसत का होतीस?”

“मॅडम, तो खात्रीने सांगत होता, डावीकडे काही झालं नाही म्हणून.”

मॅडमनी पोराच्या डाव्या कुशीवर दिवा ओढला. खालची बरगडी मोडून आत घुसली होती, सूज आता काळीनिळी झाली होती आणि तिच्यात बुटाच्या टाचेची गोल कड स्पष्ट उठली होती. शेजारच्या खाटेवर सिस्टर रजिस्ट्रारचा शर्ट काढत होती. त्याच्या बरगडीवरही अगदी तशीच कड होती.

पोराने तोंडावरचा मास्क बाजूला सारला.

“चौघं नव्हते,” तो म्हणाला. “दादा एकटाच होता.”