गोठलेला धूर

"ताई, हे तुम्हाला पटायचं नाही, आजवर कुणालाच पटलेलं नाही," पलटणीचा निवृत्त आचारी खिडकीवर कोपर टेकून म्हणाला, "पण त्या डोंगरावर थंडीच अशी, की चुलीतून निघालेला धूर जागच्या जागी गोठायचा. मी त्याच्या विटा पाडून तंबूमागं रचून ठेवायचो."

रांगेत हशा पिकला. खिडकीपलीकडची कारकून बाईही हसली. आचाऱ्याला तेच हवं होतं. हसणारा माणूस ताटातलं नीट बघत नाही, हे सव्वीस वर्षं करपलेलं वाढून तो शिकला होता.

बाईनं निवृत्त जवानांच्या उपचार योजनेचे दोन अर्ज पुढं सरकवले. हिरवा म्हणजे लष्करी इस्पितळ: आजार कुठलाही चालेल, पण उपचार एकट्या जवानाला. पांढरा म्हणजे शहरातली इस्पितळं, नवरा-बायको दोघांना. फक्त जवानाला जुना आजार नसावा. एकदा निवडलं की बदल नाही.

मागं बाकावर त्याची बायको बसली होती. एक जिना चढून तिचे ओठ निळे पडले होते. हृदयाची झडप बदला, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

"पांढरा," आचारी म्हणाला.

"दम, खोकला, छातीचं काही, काका?"

"मला? निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाला, हा घोडा अजून दोन पलटणी ओढेल."

त्या दिवशीही त्यानं खोकला गिळला होता, घरची गाडी चुकू नये म्हणून. आत्ताही गिळला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं हसण्यावारी नेलं.

"मग त्या विटांचं काय झालं?" शिक्का शाईत दाबत बाईनं विचारलं.

"उन्हाळ्यात वितळल्या. सगळ्या एकदम. पलटण पळाली आणि मी एकटाच आत..."

पुन्हा आलेला खोकला गिळताना पुढचं बोलायचं राहून गेलं.

बायको उठली. चाळीस वर्षं त्याच्या प्रत्येक थापेला ती "हो, मी पाहिलंय" म्हणत आली होती. खिडकीची जाळी धरून तिनं आधी श्वास गोळा केला.

"थांब पोरी. खोटं बोलतायत हे."

"अगं, तू बस बघू खाली."

"चार वर्षं आडवे झोपलेले नाहीत. खुर्चीत बसून रात्र काढतात, भिंतीकडं तोंड करून खोकतात. मला झोप लागलीय, असं समजतात."

तिनं हिरवा अर्ज ओढून त्याच्यासमोर ठेवला.

"धुराचं तेवढं खरं आहे," ती म्हणाली.