लॉन्ड्रीतलं पाणी

यंदाचा पावसाळा लागल्यापासून घरात सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणायचे. गेल्या पावसाळ्यात लेकीला टायफॉइड झाला होता, तेव्हापासून उकळल्याशिवाय पाण्याचा थेंब ती कुणाच्या ओठाला लागू देत नव्हती. भिजून आलात तर पाय कोरडे करा, उघड्यावरचं खाऊ नका, कुंड्यांखाली पाणी साचू देऊ नका. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस यायचा.

सासरे बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. "अख्खा जन्म डेपोच्या नळाचं पाणी प्यालो," ते म्हणायचे. "मला कुठे काय धाड भरली?"

"भरेपर्यंत थांबायचं का, बाबा?" म्हणत ती ग्लास पुढे करायची. नवरा ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. त्यामुळे हे रोजचं भांडण तिचं एकटीचंच होतं.

घरचं उरकून ती लॉन्ड्रीत जायची. पावसात कपडे वाळत नाहीत, म्हणून दमट चादरी तशाच इस्त्रीखाली घ्याव्या लागत. दिवसभर वाफ तोंडावर. कुबट वास केसांत मुरायचा. संध्याकाळी हात खांद्यातून निखळल्यासारखे व्हायचे, आणि घरी आलं की पुन्हा पातेलं गॅसवर.

एका दुपारी इस्त्री फिरवताना तिला हुडहुडी भरली. गरम इस्त्री हातात आणि दात वाजताहेत, हे बघून शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, घरी जा आधी." ती गेली आणि अंथरुणालाच खिळली. ताप हटेना. रक्त तपासलं, तर टायफॉइड.

"पाणी कुठलं पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"उकळलेलं," सासरेच बोलले. "आमच्याकडे दुसरं मिळतच नाही."

"आणि कामावर?"

धड बाटली घरात एकच होती, ती लेकीच्या दप्तरात जायची. लॉन्ड्रीत घसा सुकला की ती नळाखाली ओंजळ धरायची. सगळ्यांचं पाणी बघता बघता स्वतःचं बघायचं राहूनच गेलं होतं.

"नळाचं," ती हळूच म्हणाली.

घरी गेल्यावर सासरे टोचून बोलणार, याची तिने तयारी ठेवली होती. त्यांनी मात्र तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि छत्री घेऊन बाहेर पडले. परतले तेव्हा नखशिखांत भिजलेले, धोतराला शेवाळ. विचारलं तर "जरा काम होतं" एवढंच.

खरं काय झालं ते दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या मैत्रिणीने सांगितलं. "तुझे सासरे थेट मालकापुढे उभे. मालक म्हणाला, काका, टाकी एकदम स्वच्छ आहे. तर म्हणाले, मग चल वर, दोघं एकेक पेला पिऊ. दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढले गं ते. झाकण तडकलेलं, आत पिसं आणि हा एवढा गाळ. मालकाचं तोंड बघायला हवं होतंस. मग दोघांनी मिळून टाकी घासली."

तिला हसू यायला हवं होतं. रागही यायला हवा होता. पण डोळे आपोआप मिटत गेले. स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी आपटत होतं, काहीतरी करपल्याचा वास येत होता, आणि उठून बघण्याची तिला गरज वाटली नाही. कित्येक महिन्यांत ती अशी झोपली नव्हती.

बरी होऊन कामावर गेली तेव्हा पाऊस होताच. मालकाने नजर चुकवत तिच्या टेबलाशी एक खुर्ची आणून ठेवली.

"बसून कुठे इस्त्री होते?" ती म्हणाली.

"नको करू मग," मैत्रीण म्हणाली आणि तिच्या पुढ्यातल्या अर्ध्या चादरी स्वतःकडे ओढल्या. "बस नुसती."

ती बसली. हात मांडीवर ठेवले. बराच वेळ ते तसेच राहिले.