माझ्या पाठीवरचे पक्कडीचे दात

मी एक जुना हूक आहे. कपड्याचा नव्हे, मित्रांनो, रॉकेटचा! काडेपेटीतल्या काडीहून जरासा रुंद, करंगळीहून थोडा लांब, दोन्ही टोकांना वाकवलेला. रॉकेटच्या बुडात बसून मोटार धरून ठेवायची, एवढंच माझं काम. एवढंच म्हणतो खरा, पण ते काम हुकलं की काय होतं हे मी रक्तासकट पाहिलं आहे.

आधी मी भिंतीवरच्या एका घड्याळाची स्प्रिंग होतो. ते घड्याळ कायमचं बंद पडलं तेव्हा आमच्या घड्याळजींनी मला बाहेर ओढलं, छिन्नीने तोडलं, टोकं लालभडक होईपर्यंत ज्योतीवर धरली आणि हातोडीने हाणून काटकोनात वाकवली. असा माझा जन्मच मारहाणीत झाला. तक्रार नाही हो. त्या माणसाचा हात पक्का होता आणि कशासाठी मारतोय हे त्याला ठाऊक होतं.

घड्याळजींना आठवडाभर दुसऱ्यांची घड्याळं आणि रविवारी रॉकेटं, असा नाद होता. कंबरेएवढी उंच, पुठ्ठ्याची रॉकेटं. त्यांची मोटार म्हणजे जाड कागदाची नळकांडी, आत फटाक्यासारखी दारू ठासलेली. ती बसवायला घड्याळजी गजावर कागद गुंडाळून एक नळी करायचे. व्हर्नियर लावून तिचं माप पुन्हा पुन्हा बघायचे. मोटार आपल्या वजनाने आत सरकली पाहिजे, पण हलवली तर खुळखुळता कामा नये. मग नळीला चीर पाडून माझं वरचं टोक त्यात रोवलं, मधे दोरा गुंडाळून डिंक लावला. मोटार आत सारली की माझं खालचं टोक टक्कन तिच्या बुडाखाली बसायचं.

आता नीट ऐका. मोटारीचे तडाखे दोन. पहिला रॉकेटला वर फेकतो. दुसरा काही सेकंदांनी वरच्या बाजूला फुटतो, रॉकेटचं नाक उडवतो आणि पॅराशूट बाहेर ढकलतो. त्या वेळी मोटार मागे उसळते, बंदुकीचा दस्ता खांद्यावर आपटतो तशी. तिला तेव्हा मी निसटू द्यायचं नाही. निसटली, तर सगळा जोर बुडातूनच निघून जातो आणि पॅराशूट आत तसंच राहतं.

अकरा वेळा मी तो तडाखा खाल्ला. अंग काळं पडलं, पण एकदाही सोडलं नाही. "शाबास रे पठ्ठ्या!" असं घड्याळजी मला म्हणायचे, आणि त्यांची बायको हसायची. ती शिवणकाम करायची. सगळी आळी तिला बाई म्हणायची. पॅराशूट तिनेच शिवलेलं. पांढरं, टाक्याला टाका जुळलेला. त्याची घडीही तीच घालायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आणि मग आला बाईचा धाकटा भाऊ. धंद्याने रंगारी, स्वभावाने उतावळा. एका रविवारी मैदानावर त्याने खिशातून नवी मोटार काढली.

"भाऊजी, ही बघा! आज ती पाण्याची टाकी खुजी वाटेल."

घड्याळजींनी मोटार नळीला लावून बघितली. "जाडी तीच आहे रे. पण बोटभर लांब आहे. हूक बसायचा नाही. नवी नळी करतो, नवा हूक करतो. पुढच्या रविवारी उडवू."

"पुढच्या रविवारी वारा सुटला म्हणजे? हूक जरा बाजूला करू आणि चिकटपट्टी मारू. आणा ती पक्कड."

आणि मित्रांनो, घड्याळजींनी पक्कड दिली! एका शब्दाने अडवलं नाही. दुसरीकडे बघत दिली. बाई तेव्हा लांब, सावलीत घडी घालत बसली होती. रंगाऱ्याने माझ्या पाठीत पक्कडीचे दात रुतवले आणि मला मुरगळून बाहेर वळवलं. हातोडीचे घाव मी सोसले होते, पण हा घाव मला काम करू न देण्यासाठी होता. संताप संताप झाला माझा. मोटारीला कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन त्याने ती अंगठ्याने आत दाबली. ओढून कुणीच बघितली नाही.

रॉकेट सुटलं ते किंचाळतच. टाकी खरंच खुजी झाली. मग वर दुसरा तडाखा फुटला, चिकटपट्टी टरकन फाटली आणि जळती मोटार माझ्या डोळ्यांदेखत खाली पडली. मी वाकडा, हातभर दूर असल्यासारखा निरुपयोगी. रॉकेट उलटलं आणि नाक खाली करून भाल्यासारखं सुटलं.

बाई सावलीतून बाहेर येऊन उजवा हात कपाळावर धरून वर बघत होती. डोळ्यांवर ऊन होतं, तिला काही दिसलंच नाही. रॉकेट तिच्या मनगटावर आदळलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. हात आड नसता तर ते थेट डोळ्यात घुसलं असतं. बाई गुडघ्यांवर कोसळली, हाताला नको तिथे कोपरा आलेला, कातडी फाडून हाड बाहेर. पलीकडे मोटारीने गवत पेटवलं होतं. रंगारी ते तुडवायचं सोडून "ताई! ताई!" करत धावला आणि अंगातला सदरा काढून हाताला गुंडाळू लागला. सदरा बघता बघता लाल झाला.

दवाखान्यातलं मला मागाहून घरच्या बोलण्यातून कळलं. शुद्धीवर आल्यावर बाईने पहिला प्रश्न विचारला, "काय झालं?"

"पॅराशूट अडकलं गं," रंगारी म्हणाला. "घडी जरा घट्ट बसली असेल."

घड्याळजी जमिनीकडे बघत राहिले.

तिने ते खरं मानलं. मनगटात सळ्या घातल्या, बोटं मिटेनात, सुईत दोरा ओवता येईना. आलेले कपडे तिने परत पाठवले. "माझीच घडी चुकली. मेला हा हातच वाईट," असं ती येता-जाता म्हणायची. मोडकं रॉकेट समोरच कपाटावर पडलं होतं आणि त्यात मी. ओरडावंसं वाटायचं हो!

प्लास्टर निघालं त्या सकाळी तिने रॉकेट खाली घेतलं. आपली चूक डोळ्यांनी बघायची होती तिला. डाव्या हाताने तिने पॅराशूट ओढलं, तर ते अलगद बाहेर आलं. पांढरंशुभ्र! एरवी त्याला दारूचा वास यायचा, कडा काळवंडायच्या. आज धुराचा डागही नव्हता. तिने रॉकेट उलटं केलं. रिकामी नळी, आणि बाहेर मुरगळलेला मी. तिचा अंगठा माझ्या पाठीवर फिरला आणि थांबला.

घड्याळजींच्या टेबलावरची पक्कड तिने उचलली आणि माझ्यावर ठेवली. पाठीवरच्या खुणांत तिचे दात नेमके बसले. दोघं पुरुष चहा पीत होते.

"कुणी वाकवला?"

"मी, ताई," रंगारी पुटपुटला.

"पक्कड मी दिली," घड्याळजी म्हणाले.

"हात मोडलात, तो अपघात म्हणेन मी," बाई म्हणाली. "पण इतके आठवडे मी माझ्याच हाताला शिव्या देत होते, आणि तुम्ही बसून ऐकत होतात!" तिने पक्कड फेकून मारली. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेचा चुरा झाला आणि तो चहात पडला. रंगारी तोंड झाकून रडू लागला. कितीतरी वेळ कुणी काचा उचलल्या नाहीत.

आता नवी नळी आहे, नवा लांब हूक आहे. उडवायच्या आधी बाई आपल्या वाकड्या उजव्या हाताने मोटार ओढून बघते. त्या अशक्त बोटांनीसुद्धा ती तसूभर हलली, तर त्या दिवशी रॉकेट उडत नाही. शिलाईचं यंत्र मात्र अजून झाकलेलंच आहे. मी टेबलावरच्या खिळ्याला टांगलेला असतो. घड्याळजी मला सरळ करायला निघाले होते. बाई म्हणाली, "राहू दे तसाच."

तेव्हा मित्रांनो, धरून ठेवणाऱ्याला घाईपायी वाकवू नका. आणि वाकवलंच, तर त्याच दिवशी सांगून टाका. मला बोलता येत नव्हतं. त्या दोघांना येत होतं.