दोन सह्यांची घरगाडी

मित्रांनो, घर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पाया, भिंती आणि उंबरठा येतो. मला भिंती आहेत, उंबरठाही आहे, पण पायाच्या जागी चार चाके आहेत. कागदोपत्री मला मोटरहोम म्हणतात. ज्यांच्याकडे मी राहिले ते मात्र पहिल्या दिवसापासून मला घरगाडी म्हणत आले, आणि मलाही तेच नाव आवडते. माझे वय चव्वेचाळीस. माणसांमध्ये हे काही म्हातारपण नव्हे, पण गाड्यांमध्ये मी पणजी शोभेन.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. इंजिन, चाके आणि सांगाडा एका मोठ्या कारखान्यात तयार झाला. तिथून माझ्या बहिणी पाव आणि दूध वाहायला बाहेर पडल्या. मला मात्र एका छोट्या कार्यशाळेत आणले. तिथे तीन सुतार आणि एक पत्रेवाला काम करत. सुतारांनी लाकडाची चौकट उभी केली, पत्रेवाल्याने तिच्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवला. आत दोन शेगड्यांचा ओटा बसवला, पायाने दाबायचा पाण्याचा पंप बसवला, आणि असे एक टेबल केले की त्याचे पाय मुडपले की रात्रीचा पलंग व्हावा.

मला विकत घेतले ते जमिनीची मोजणी करणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना दोन मुली. धाकटी दोन वर्षांची असतानाच त्यांची बायको वारली होती. मोजणीसाठी त्यांना आठ आठ दिवस बाहेर राहावे लागे. मुलींना कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न त्यांनी मला घेऊन सोडवला. शाळेला सुट्टी लागली की दोघी माझ्यात आणि बाबा शेजारच्या शेतात, खांद्यावर मोजणीची साखळी घेऊन. मोठीला सगळे ताई म्हणत. तिच्या हाती सुई-दोरा. पंधराव्या वर्षी तिने माझ्या बाकाला पहिले आवरण शिवले. एक कोपरा आखूड झाला, तो तिने बाबांना कळू न देता ओढून ताणून बसवला. धाकटीचा जीव यंत्रात. ती बाबांबरोबर माझ्या पोटाखाली पडून राही आणि नाकावर तेल लावून जेवायला येई. पुढे ताईने गाद्या आणि पडदे शिवण्याचा कारखाना काढला. धाकटी लिफ्ट दुरुस्त करायला शिकली आणि दूरच्या शहरात नोकरीला लागली.

ते माझे सोन्याचे दिवस होते. पण सोन्यालाही डाग लागतो.

नऊ वर्षांपूर्वी बाबा फार आजारी झाले. ते ताईकडे राहत होते. एक दिवस म्हणाले, "मला एकदा समुद्र दाखव." ताईने मला बाहेर काढले आणि आम्ही तिघे आठ दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडलो. परतल्यावर तीन आठवड्यांत ते गेले. धाकटीला दुखणे किती वाढले होते हे कुणी कळवलेच नव्हते. ती पोचली तेव्हा एक दिवस उशीर झाला होता. माझ्या दाराशी उभी राहून ती ताईला एवढेच म्हणाली, "तुला आठ दिवस मिळाले. मला एक फोन नाही."

त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्याच नाहीत.

बाबांनी मला दोघींच्या नावावर ठेवले होते. म्हणजे मला विकायचे तर दोन सह्या हव्या. बोलणेच बंद, तर सह्या कुठून होणार? बाबांच्या मित्राची लाकडाची वखार होती. त्या वखारवाल्या काकांनी मला मागच्या कुंपणाशी जागा दिली आणि मी तिथे उभी राहिले ती राहिलेच.

मित्रांनो, गाडी चालून झिजते असे लोक म्हणतात. उभ्या गाडीचे हाल त्यांना ठाऊक नसतात. आधी माझ्या टायरांतली हवा गेली. मग छपराच्या झरोक्याचे रबर तडकले आणि पावसाचे पाणी थेंबाथेंबाने आत आले. बाहेरून पत्रा चकचकीत आणि आत लाकूड भिजून पावासारखे झाले. उंदरांनी गाद्यांत संसार थाटले. ब्रेक गंजून चाकांना असे चिकटले की चार माणसांनी ढकलले तरी मी हलले नसते. त्या काळात मला कुणी शिवीही दिली नाही. शिवी द्यायला तरी जवळ यावे लागते.

यंदा काकांनी वखार बंद करायचे ठरवले. त्यांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने बोटाच्या पेराने माझा पत्रा वाजवून पाहिला आणि म्हणाला, "घेतो. पण कागदावर दोघींच्या सह्या पाहिजेत." काकांनी दोघींना फोन केला. धाकटी तोवर बदली होऊन याच शहरात आली होती. तरी दोघी वेगवेगळ्या वेळी आल्या.

सकाळी ताई आली. सही करायच्या आधी एकदा आत डोकावते म्हणाली. उंदरांनी सगळे कुरतडले होते, पण तो आखूड कोपरा तेवढा शाबूत होता. ती त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ बसली. मग बाहेर येऊन म्हणाली, "काका, विचार करून सांगते."

दुपारी धाकटी आली. कागदावर ताईची सही नाही, हे पाहून तिने पेनाचे टोपण परत लावले. "तिने केली नाही, मग मी कशाला करू? उद्या म्हणेल, बाबांची गाडी हिनेच विकली."

काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, तुम्ही दोघी भांडा, नाहीतर एक व्हा. पण मी वखारवाला आहे, पोस्टमन नाही. तीन महिन्यांत ही गाडी आपल्या चाकांवर इथून गेली पाहिजे. नाही गेली, तर भंगारवाला तिचे तुकडे करून नेईल. मग सह्यांसाठीही मी थांबणार नाही."

माझे तुकडे व्हावेत असे दोघींनाही वाटत नव्हते. ताईच्या कारखान्यामागे मला ठेवण्यापुरती जागा होती. पण तिथवर जाणार कशी? शेवटी काकांनीच तोडगा काढला. रविवारी ताईने दुरुस्तीला यायचे, बुधवारी धाकटीने. निरोप द्यायचा असेल तर एक फळी आणि खडू ठेवला होता. काकांमार्फत एक शब्दही पाठवायचा नाही.

मग माझ्यावर काम सुरू झाले. ताईने मागच्या कोपऱ्याचा पत्रा उघडला आणि स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. तो लोण्यात शिरावा तसा लाकडात शिरला. तिने कुजलेला भाग कापून काढला. काकांनी वखारीत उरलेल्या मुरलेल्या लाकडातून जोड दिला. बुधवारी धाकटी येई, मला जॅकवर उचले, जुने पेट्रोल काढून टाके, कार्बुरेटरचे बारीक भाग धुऊन फडक्यावर ओळीने मांडे. फळीवर खडूने लिहिलेले असे:

"मागच्या कोपऱ्याला हात लावू नये. गोंद ओला आहे."

"लावला नाही. गाद्या उघड्यावर टाकू नयेत."

"टाकल्या नाहीत. मांजराने ओढल्या."

"खिडक्यांना रबर बसवले आहे. लिफ्टच्या दाराचे आहे, पण मापात बसते."

या शेवटच्या वाक्याखाली ताईने पुढच्या रविवारी लिहिले, "छान बसले आहे." मग 'छान' तेवढे पुसले. थोड्या वेळाने परत लिहिले. ताईखेरीज हे फक्त मी पाहिले.

अडीच महिने झाले. इंजिन खोकत खोकत सुरू झाले. ब्रेकही मोकळे झाले, त्यांत नवीन रबरे बसवली, नवीन तेल भरले. पण ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवा अडकली होती. हवा असली की पेडल स्पंजासारखे दबते आणि गाडी थांबत नाही. ती काढायला एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे आणि दुसऱ्याने खाली पडून चाकाजवळचा बारीक स्क्रू सैल करायचा. तेल आणि हवा बाटलीत आली की स्क्रू घट्ट करायचा, आणि मगच पेडल सोडायचे. आधी सोडले तर हवा पुन्हा आत.

धाकटीने सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून पाहिली. काठी सटकली. मग तिने काकांना बसवले. काकांना कमी ऐकू येई.

"धरा, काका."

"भरा? काय भरू?" असे म्हणून काकांनी पाय काढला, आणि सकाळची सगळी मेहनत पाण्यात गेली.

त्या संध्याकाळी धाकटी फळीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग लिहिले, "ब्रेकची हवा काढायची आहे. एकटीने होत नाही."

ये, असे तिने लिहिले नव्हते. रविवारी ताईने ते तीनदा वाचले. उत्तर लिहिले नाही. बुधवारी मात्र ती आली. चपला काढल्या, माझ्या चालकाच्या सीटवर बसली आणि पाय पेडलवर ठेवला. धाकटीने तिच्याकडे पाहिले, सतरंजी अंथरली आणि मागच्या चाकापाशी आडवी झाली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

नऊ वर्षांनंतरचे हे त्यांचे पहिले बोलणे. एका चाकाला वीस वीस वेळा तेच शब्द. दोन चाके झाली. तिसऱ्या चाकाला धाकटी म्हणाली, "धर," आणि पुढचा शब्द आलाच नाही. बाटलीत तेल गळत होते. मग खालून आवाज आला.

"मला का नाही कळवलंस?"

वरून ताईने विचारले, "सोडू का?"

"नाही. धरून ठेव. आणि सांग."

"बाबांनी शपथ घातली होती. तुझी नोकरीतली परीक्षा होती. ते म्हणाले, तिची परीक्षा होऊ दे, मग सांगू." पेडल ताईने तळापर्यंत दाबून धरले होते. "पण ते निम्मंच खरं आहे. शपथ मोडता आली असती. मलाच ते आठ दिवस एकटीला हवे होते. लहानपणी ते सारखे तुझ्याबरोबर गाडीखाली असायचे गं. मी वर शिवत बसायची."

मग धाकटीने स्क्रू घट्ट केला.

"सोड."

"काय?"

"पेडल सोड, ताई. एक चाक राहिलंय."

चौथे चाक झाल्यावर ताईने स्वतःहून एकदा पेडल दाबून पाहिले. ते आता दगडासारखे घट्ट होते. धाकटी बाहेर आली. तिच्या नाकावर तेल होते. ताईने पदराने ते पुसले आणि धाकटीने पुसू दिले.

मुदतीला चार दिवस उरले असताना मी वखारीबाहेर पडले. काकांनी फाटक धरले होते. पुढे उतार होता. धाकटीने ब्रेक लावला आणि मी जागच्या जागी थांबले. मित्रांनो, थांबता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे चालणाऱ्यालाच कळते.

आता मी ताईच्या कारखान्यामागे छपराखाली असते. सगळे गोड झाले, असे मी म्हणणार नाही. पडद्यांच्या रंगावरून परवाच दोघींची जुंपली. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघी येतात, झरोक्याचे रबर तपासतात, कुठे जायचे नसले तरी इंजिन सुरू करतात आणि मला चौकापर्यंत फिरवून आणतात. पुढच्या महिन्यात आम्ही लांब जाणार आहोत. ताई म्हणाली होती, "त्याच किनाऱ्याने जाऊ. कुठे कुठे थांबलो होतो ते दाखवते तुला." धाकटी म्हणाली, "नको. ते आठ दिवस तुझे आहेत, तुझ्याकडेच राहू देत. आपण डोंगराकडे जाऊ. तिकडे कुणीच गेलेलं नाही."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी गाडी, सायकल किंवा शिवणयंत्र कोपऱ्यात उभे असेल, तर नुसते फडके टाकून त्याला जपल्याचे समाधान मानू नका. महिन्यातून एकदा त्याला हात लावा, थोडे फिरवा, कुठे पाणी मुरतेय का पाहा. आणि काम एकट्याने होण्यासारखे नसेल, तर तसे लिहून ठेवायला लाजू नका. वाचणारे कुणीतरी असते.