गप्प झालेलं पिलू

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची टोपली आहे. गडचिरोलीच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी राहते. लटारू नावाच्या म्हाताऱ्या कारागिराने मला विणले. मुखरू आणि त्याची बायको कमला मला घेऊन मोहफुले वेचायला जात. "अशी घट्ट टोपली आता कोनी विनत नाई," असे कमला शेजारणींना सांगायची. पुढे घरात प्लास्टिकचा टब आला आणि मी गोठ्यात धूळ खात पडले.

मोहफुले वेचताना या दोघांची कुत्री नेहमी पुढे चालायची. यंदा तिला बिबट्याने नेले. मागे तिचे एकच पिलू उरले. मुखरूने मला गोठ्यातून बाहेर काढले, झटकले आणि जुने लुगडे अंथरून पिलाला माझ्यात ठेवले. आईविना पिलू उपाशी राहू नये म्हणून तो येता-जाता त्याला गाईचे दूध पाजी.

एका सकाळी पिलाचे पोट बिघडले. ते माझ्यात उठे, गोल फिरे, कुंई-कुंई करी, पुन्हा कोसळे. कमला माझ्यातले लुगडे बदलते न बदलते तोच पुन्हा घाण होई. मग ते ओकायलाही लागले.

"थोडं दूध पाजू का? पोटात काईच नाई त्याच्या," मुखरू म्हणाला.

"अवो, दुधानंच होऊन राह्यलं ते! नोका देऊ."

"मंग आपली जुलाबाची गोळी देतो, अर्धी."

"मानसाची गोळी त्याले काऊन देता? मारता का त्याले? गाडी काढा, दवाखान्यात नेऊ."

मला मांडीवर घेऊन कमला मोटारसायकलवर बसली. पण वाटेत जंगल खात्याच्या माणसांनी गाड्या अडवल्या होत्या. पुढे रस्त्यावर हत्तींचा कळप उभा होता.

"जाऊ द्या ना, सायेब, पिलू मरून राह्यलं," मुखरूने हात जोडले.

"भाऊ, हत्ती हलल्याबिगर कोनीच जानार नाई," वनरक्षक म्हणाला.

मुखरू रस्त्यावर येरझाऱ्या घालू लागला. कमला उकळून गार केलेले पाणी बोटाने थेंब थेंब पिलाच्या तोंडाला लावत होती. सकाळपासून त्याच्या धडपडीने माझ्या कामट्या करकरत होत्या. आता ते हलेनासे झाले. कुंईसुद्धा करेना. ती शांतता मला सोसवेना.

"जित्तं आहे ना?" मुखरूने दुरूनच विचारले. जवळ यायला तो धजत नव्हता.

"आहे. पन गप्प झालं," कमला म्हणाली.

अखेर हत्ती बांबूच्या रानात शिरले आणि वाट मोकळी झाली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पिलाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच वर राहिली. "अंगातलं पाणी आटलंय," म्हणत त्यांनी लगेच सलाईन लावले. कमलाने गाईच्या दुधाचे सांगितले, तशा त्यांनी विचारले,

"दूध कोण पाजत होतं?"

"म्या, बाई. मायेनं पाजलं," मुखरू म्हणाला.

"माया खोटी नाही, भाऊ. पण गाईचं दूध पिलांच्या पोटाला सोसत नाही. आता थोडं थोडं पाणी द्या. उलटी थांबली की भाताची मऊ पेज, तीही चमचा-चमचा. आणि उद्या पुन्हा दाखवायला आणा."

पिलू घरी आले. मुखरूचा हात सारखा खाऊ घालायला शिवशिवे, पण तो मन मारून कमलाच्या चमच्याकडे बघत बसे. एका दुपारी पिलाने डोके उचलले, पेजेची वाटी चाटूनपुसून साफ केली आणि माझा काठ दातात धरून कुरतडायला सुरुवात केली. कमला रागावली नाही. ती पदराने डोळे पुसत हसत होती.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. टोपली नवी विणता येते. पण मुक्या जिवाला आपल्याला द्यावेसे वाटते ते देऊ नका, त्याला सोसेल ते द्या. आणि रडणारे पिलू गप्प झाले, तर ते निजले असेल असे समजून बसू नका. उठा, धावा.