पापनाशमची न संपलेली सभा

पुण्याच्या मुख्य कचेरीला नकाशात पापनाशम अगदी तंजावूरच्या कुशीत दिसलं. तिथली शाखा तंजावुरात विलीन करा, असा हुकूम बंधुमंडळाच्या ग्रुपवर आला. तंजावूरचा चिटणीस रघुराम. त्याला देवनागरी वाचता येत नसल्यामुळे फोननंच तो मोठ्यानं वाचून दाखवला. फोनच्या आवाजात दयामाया अशी नव्हतीच.

पापनाशम शाखा म्हणजे आता एकटे कृष्णस्वामी मामा. गुडघे गेल्यापासून त्यांना तंजावूर आणि पुणं सारखंच लांब. शाखेतले दुसरे बंधू वरुणराव वारले तेव्हापासून तिथं सभाही झाली नव्हती, कारण मंडळाचा नियम: आपलं पागोटं आपण बांधायचं नाही. दुसऱ्या बंधूनं बांधायचं, आणि ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. पागोटी चढली की सभा सुरू, उतरली की संपली.

रघुराम पोचला तेव्हा मामा पागोट्यांची इस्त्री केलेली कापडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते.

"शाखा बुडवायला आलास ना?"

"सभा घ्यायला आलो, मामा."

"सभेत मामा नाही, बंधू म्हणायचं. बांध."

रघुरामनं बांधलं. मामांनी आरशात पाहिलं. "वरुणरावाच्या म्हशीनं याहून बरं बांधलं असतं."

पण रघुरामनं हात काढून घेतले तरी ते मान तशीच वाकवून बसून राहिले.

मग रघुरामची पाळी. मामांचे हात थरथरत. वेढा सुटे, की पुन्हा पहिल्यापासून. मध्ये फिल्टरची कापी पिऊन झाली.

"वरुणराव फार मान हलवायचा," मामा म्हणाले. "तू बरा आहेस."

शेवटचा वेढा बसला आणि समोर तंजावूरच्या बसनं हॉर्न दिला.

"मामा, विलीनीकरणाचा ठराव राहिला!"

"पुढच्या वेळी. पळ!"

कंडक्टरनं त्याला आपादमस्तक पाहिलं आणि धाकट्या भावाला विचारावं तसं तमिळीत विचारलं, "लग्न का, तंबी?"

तेव्हा कुठं रघुरामच्या ध्यानात आलं, पागोटं डोक्यावरच राहिलंय. त्यानं मागं वळून पाहिलं. ओट्यावर मामा एका हातानं वाकडं पागोटं सावरत, दुसरा हात हलवत होते. फारच खुशीत.

घरी बायकोनं, हरिप्रियानं, दार उघडलं आणि पागोट्याकडं बोट दाखवलं.

"काढा की."

"मामाच काढणार. रविवारी जातो."

"तोवर आंघोळ?"

"मानेखालून."

तेवढ्यात पुण्याहून विचारणा आली: पापनाशमचं काय झालं? रघुराम पागोटं सांभाळत खुर्चीत टेकला आणि फोनमध्ये बोलला,

"सभा अजून चालू आहे."